दोन सूर्यांचं वाळवंट

काशम्मानं आयुष्यात कशालाही छान म्हटलं नाही. फार झालं तर 'चालंल' म्हणायची. माझा मुलगा झाला तेव्हा महिन्याभराचं ते गाठोडं मी तिच्यापुढं धरलं. तिनं चष्मा पुसला, पोराला उलटसुलट करून पाहिलं, कानामागं बघितलं आणि म्हणाली, "चालंल." माझ्या बायकोला राग आला. मला आला नाही, कारण तिच्या तोंडून हा शब्द ऐकण्यासाठी मी तोवर अकरा वर्षं धडपडत होतो.

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात चादरी आणि भिंतीवर लावायची विणलेली चित्रं निघतात. मी त्या चित्रांचा ग्राफ काढतो. म्हणजे मूळ चित्राच्या बारीक बारीक चौकटी पाडायच्या आणि कुठल्या चौकटीत कुठला धागा येईल ते ठरवायचं. पूर्वी हे कागदावर चालायचं, आता संगणकावर चालतं. माणूस मात्र तोच, आणि अक्कलही तेवढीच. काशम्मा तपासणीला होती. काचेच्या टेबलाखाली ट्यूब लावलेल्या, वरून कापड सरकायचं आणि ती बघायची. तुटका धागा, सुटलेली गाठ, तेलाचा डाग. सापडलं की म्हणायची, "खोट!" मग चिमट्यानं आणि सुईनं ती खोट काढायची. निघण्यासारखी नसली तर कापड बाजूला फेकायची. निर्दोष कापडाच्या मागच्या कोपऱ्यावर स्वतःचा निळा शिक्का मारायची. शिक्क्यावर एकच आकडा, सात.

तिच्या घरी तेलुगू बोलतात. सासरमाहेर दोन्हीकडं हातमागच. नवरा लवकर गेला आणि ती कारखान्यात आली. थोरले शेठ ईश्वरप्पा यांनी तिची नजर ओळखली आणि हा शिक्का तिच्या हातात दिला. त्यांच्याच मुलीच्या लग्नात आहेराच्या चादरींतून चार चादरी तिनं बाजूला काढल्या. शेठ म्हणाले, घरचंच लग्न आहे, जाऊ दे. ती म्हणाली, "घरचं हाय म्हणून काय फाटकं नेसवता काय?" चार पाहुण्यांना टॉवेल मिळाले. दुसऱ्या दिवशी शेठनी तिला बसायला पाठीची खुर्ची दिली. असा मालक पुन्हा होणे नाही, आणि झाला नाहीच. त्यांच्यामागं आले त्यांचे चिरंजीव महेश्वरशेठ. हा माणूस इतका मऊ की कुणीही बसून जावं. त्यांची मुलगी काव्याताई पुण्याहून डिझाइन शिकून आली आणि बसली.

काव्याताईंना इंटरनेटवर एक पुस्तक सापडलं. दीडशे वर्षांपूर्वी कुणी एक गोरा साहेब सिनाईच्या वाळवंटातून हिंडला, आणि त्या प्रवासाची चित्रं त्यानं छापली. उघडेबोडके डोंगर, खोल दऱ्या, पुढं उंट, पागोटेवाले लोक. प्रत्येक चित्रात एक माणूस हात लांब करून कुठंतरी बोट दाखवत उभा असतो. काय दाखवतो ते साहेबाला ठाऊक. ज्या मुलखात लोक पिढ्यान्पिढ्या राहत आले, तिथं जाऊन हे साहेबलोक जणू पहिल्यांदाच डोंगर बघतायत. बरं, साहेबानं तेही नीट केलं नव्हतं. प्रस्तावना वाचून काव्याताईंनीच आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगितलं, की साहेब नुसते डोंगर पेन्सिलीनं काढून विलायतेला पाठवायचा. उंट आणि माणसं तिथला कारागीर आपल्या मनानं घालायचा. त्या कारागिरानं वाळू बघितली असेल तर घराचं बांधकाम चालू असताना.

"किती ऑथेंटिक आहे ना!" काव्याताई म्हणाल्या.

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मुंबईचा एक एजंट त्यातल्या एका चित्रावर भाळला. आखातातल्या एका हॉटेलला साठ नग हवे होते. म्हणजे ज्यांच्या दारात वाळवंट, त्यांना विलायतेत काढलेलं वाळवंट सोलापूरहून विणून पाठवायचं. शहाण्यांचा बाजार भरला की असं होतं. त्यात काव्याताईंनी आणखी एक टूम काढली. प्रत्येक नगाबरोबर एक जाड कार्ड जाणार, त्यावर काशम्माचा फोटो आणि इंग्रजीत मजकूर, की हिच्या चाळीस वर्षांच्या नजरेखालून हे चित्र गेलं आहे, सात नंबरचा शिक्का बघून घ्या. एजंटाला चित्रापेक्षा हे कार्डच जास्त आवडलं. फोटो काढताना काव्याताई तिला हसा म्हणाल्या.

"कशाला?" काशम्मानं विचारलं. फोटो तसाच निघाला.

ग्राफ मी तीन आठवडे खपून केला. करड्या रंगाच्या नऊ छटा लावल्या. खरं सांगतो, माझं पहिलं चित्र परदेशी निघालं होतं आणि मी हवेत होतो. नवी पेठेतल्या मेहुण्याला दुकानात जाऊन दोनदा मोबाइलवर दाखवून आलो होतो.

मे महिन्यात साठच्या साठ नग विणून झाले. पहिला नग टेबलावर आला तेव्हा आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. काशम्मानं दोन्ही अंगांनी बघितलं, मागून बोटं फिरवली. एक गाठसुद्धा सापडली नाही. तिनं कमरेची चंची सोडली आणि त्यातून शिक्का काढला. पान, सुपारी आणि शिक्का एकाच चंचीत असायचे. शिक्का शाईवर टेकवला. मग हात तसाच थांबला.

"ज्ञानू," ती म्हणाली, "ही दोघं हितं का बसल्यात रे?"

खडकाला टेकून दोन माणसं बसलेली होती. मी म्हणालो, "अक्का, विसाव्याला बसलीत. उन्हातून आलीत ना."

"मग सावलीला बसतील की. डोंगराची सावली बग, डावीकडं पडलीया. म्हणजे ऊन उजवीकडनं. आणि ही खडकाच्या उजव्या अंगाला बसल्यात, भर उन्हात. भाजून मरायला?"

मी वाकून बघितलं. डोंगराच्या सावल्या डावीकडं होत्या.

"आणि ह्या उंटाची सावली बग. ती उजवीकडं. एकाच रानात डोंगराला एक सूर्य आणि उंटाला दुसरा?" तिनं शिक्का टेबलावर ठेवला. "हितं एकच सूर्य असून जीव जातो आमचा."

एकेक चौकट मी मोजली होती, उंटाच्या सावलीचा प्रत्येक धागा मीच ठरवला होता, आणि मला दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एक सूर्य साहेबाचा होता, दुसरा विलायतेतल्या कारागिराचा. दीडशे वर्षं ते पुस्तक चाळणाऱ्या पंडितांतल्या कुणाला खटकलं का ते मला माहीत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात रोज सावली शोधत स्टॉपवर उभ्या राहणाऱ्या बाईला खटकलं.

काव्याताई पुढं आल्या. "मावशी, विणण्यात काही चूक आहे का?"

"न्हाय."

"मग झालं तर. चित्र जुनं आहे, हेरिटेज आहे. ते तसंच ठेवायचं असतं."

"ठेवा की. मी कुटं न्हाई म्हणते?"

"मग शिक्का मारा."

काशम्मानं चष्मा काढला. "ताई, खोट असंल तर मी काढते. चाळीस वर्षं तेच केलं. ही खोट न्हाय, हे खोटं हाय. खोटं कसं काढू? आणि वर माजा फोटो लावून म्हणता, हिनं बगितलंय. बगितलं म्हणूनच सांगते की."

महेश्वरशेठना बोलावलं. ते आले, त्यांनी रुमालानं मान पुसली, चित्राकडं बघितलं आणि मग पंख्याकडं. "काशम्मा, पार्टीनं पास केलंय. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"मनाला न्हाय लावत. शिक्का लावत न्हाय."

"गाडी दुपारी येतेय हो."

"येऊ द्या. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाचा बी शिक्का मारा. सात सोडून."

पण कार्डावर सातच छापलं होतं. काव्याताई इंग्रजीत काहीतरी पुटपुटल्या आणि निघून गेल्या. शेठ माझ्याकडं वळले. उंटांच्या सावल्या फिरवायला मला एक दुपार पुरली असती आणि कारखान्याला पुन्हा विणायला तीन आठवडे. हे सांगायचं तर आधी ग्राफ चुकला हे कबूल करायला हवं होतं. मी म्हणालो, "शेठ, मूळ चित्रातच तसं आहे. आपण काय करणार?" असं म्हणताना मीही एक हात लांब करून संगणकाच्या पडद्याकडं बोट दाखवत होतो. चित्रातल्या त्या रिकामटेकड्यासारखाच.

"ज्ञानू, तूच बघ काहीतरी," शेठ म्हणाले. ज्याला कणा नाही तो हेच वाक्य बोलतो. ज्याला लाज नाही तो ते ऐकतो.

दुपारी जेवणाच्या सुटीत काशम्मा हात धुवायला गेली. शिक्का परत चंचीत गेला होता आणि चंची खुर्चीच्या पाठीला अडकवली होती. चाळीस वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ती तिथं होती. मी चंची उघडली. कात आणि चुन्याचा वास आला. शिक्का काढला आणि एकेक नग उलटून कोपऱ्यावर मारत गेलो. तिचा डबा नेहमी उशिरा संपायचा, शेवटचे घास ती बाहेर कुत्र्याला घालायची. साठ शिक्के मारून होईपर्यंत ती आली नाही. मी शिक्का पुसून चंचीत ठेवला आणि चंची होती तशी अडकवली. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस कसा चालतो, तसा चालत माझ्या जागेवर आलो.

ती आली. गठ्ठ्यातला वरचा नग तिनं उलटा केला. नंतर कळलं, ती सात नेहमी जरा तिरका मारायची. मी साठही सरळ, नीटनेटके मारले होते. ग्राफवाला ना मी.

ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. ओरडेल असं वाटलं. निदान शिवी देईल. तिनं माझ्या उजव्या अंगठ्याकडं बघितलं. तो निळा झाला होता.

"ज्ञानू," ती म्हणाली, "हात धू."

एवढंच बोलली. चंची कमरेला लावली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेटकडं चालू लागली. वाटेत गाडी लागत होती, तिच्यासाठी ड्रायव्हरला जरा थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. काव्याताई म्हणाल्या, जुन्या लोकांना चेंज झेपत नाही. मी तेव्हाही मान हलवली.

हॉटेलवाल्यांनी फोटो पाठवले. लांबलचक कॉरिडॉर, दारागणिक ते चित्र, खाली कार्डावर काशम्मा न हसता बघतेय. लोक त्यासमोर उभे राहून आपापले फोटो काढतात म्हणे. एकाही माणसाला दुसरा सूर्य दिसलेला नाही. आणखी दीडशेची ऑर्डर आली. शेठनी पेढे वाटले आणि मला म्हणाले, "काशम्माला एक नग नेऊन दे. तिचाही मान आहे." नमुन्याचा म्हणून एक जादा विणलेला नग होता. काव्याताईंनी सात नंबरचा दुसरा शिक्का करवून त्यावर मारला, चकचकीत कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला.

दिवाळी उलटल्यावर मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, एका भिंतीला पाण्याची पिंपं. पाणी पाच दिवसांआड येतं, त्या दिवशी आलं होतं आणि सून भरत होती. काशम्मानं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी कागद सोडला. तिनं नग मांडीवर घेतला आणि सवयीनं उलटा करून कोपरा बघितला.

"अक्का, शेठनी पाठवलंय," मी म्हणालो. मला माफी मागायची होती. आठ दिवस वाक्य जुळवत होतो आणि तोंडातून आलं ते हे.

तिनं खिडकीतली कात्री घेतली. मला वाटलं सुटलेला धागा दिसला असेल. तिनं शिक्क्याचा कोपरा वीतभर तिरका कापला. कापताना हात जरासुद्धा हलला नाही. कापलेला तुकडा घडी करून चंचीत ठेवला आणि उरलेलं चित्र माझ्या मांडीवर टाकलं.

"सात माजा हाय," ती म्हणाली. "राहिलेलं तुजं."

तिनं चहाला थांबवलं. चहा गोड होता, तो मी सगळा प्यालो. पोराचं काय चाललंय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, सहावीत आहे, चित्रं बरी काढतो.

"सावली शिकव त्याला," ती म्हणाली.

ते चित्र आता माझ्या घरी भिंतीवर आहे. बायकोनंच लावलं. मी काढू शकलो असतो, काढलं नाही. येणारे-जाणारे समोर उभे राहतात, उंट मोजतात, कुठला देश म्हणून विचारतात, छान आहे म्हणतात. उन्हात बसलेली ती दोन माणसं कुणालाच दिसत नाहीत. कोपऱ्याला काय झालं, एवढं मात्र प्रत्येक जण विचारतो. उंदरानं खाल्लं, असं मी माझ्या अंगठ्याकडं बघत सांगतो. ते अगदीच खोटं नाही.