केराबाईचा अंगठा

बाळाच्या आंघोळीचा पहिला दिवस. आमच्या सुनेनं, ज्ञानदानं, सकाळीच मला बजावलं, "आई, मालिशवाल्या मावशींना सांगा, नुनीची कातडी मागं ओढायची नाही. डॉक्टर म्हणाले, ती आपोआप सुटते. ओढली की चिरते, वण राहतात आणि मग सुंता करायची वेळ येते." सांगायचं अर्थात मी. या घरात वाईटपणा घ्यायचं खातं माझ्याकडेच आहे, शाळेतून निवृत्त झाले तरी.

केराबाई मूळची नातेपुत्याकडची. सोलापुरात येऊन पस्तीस वर्षं ती बाळं-बाळंतिणींना न्हाऊ घालते. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला पायांवर उताणं घ्यायचं आणि कोमट तेलानं रगडायचं. माझा अनिमेष याच पायांवर वाढला. आता त्याचा मुलगा.

मी तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. पण तेल लावता लावता तिचा अंगठा नेमका तिथंच गेला. ज्ञानदा केवढ्यांदा ओरडली! केराबाईनं चटका बसल्यासारखा हात उचलला. बाळाला पुसलं, गुंडाळलं, माझ्याकडे दिलं आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

"बाई, आमच्या शिवूचं मंगळवारी आपरेशन हाय," ती म्हणाली. शिवू तिचा नातू, चार वर्षांचा. "लघवीला बसला की तितं फुगा हुतोय. लई रडतंय. तीन म्हैनं मलम लावलं. डाक्टर म्हनलं, आता कापायलाच लागतंय. ल्हानपनी कुनी वडत हुतं का, म्हनून इचारलं. मी म्हनलं, व्हय, मी."

तिची सून सृष्टी तेव्हापासून धाकट्या तान्ह्याला तिला हात लावू देत नव्हती. दीड महिना झाला. गावभरची पोरं हिच्या पायांवर, आणि घरातलं एक नाही.

"तुमी येऊन तिला सांगा की, बाई. माझ्या मनानं न्हाय केलं मी. तुमीच सांगितलं हुतं."

मला आठवत होतं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं. अनिमेष महिन्याचा असताना आमचे डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडी कातडी मागं घेत जा, स्वच्छ राहतं, पुढं कापावं लागत नाही. तेव्हा तसं सांगायचे. केराबाईला हे ठाऊकच नव्हतं, ती नुसतं वरून तेल लावायची. मी शिकवलं. वर्गात पाढे घोकून घ्यावेत तसं आठवडाभर तिच्याकडून करून घेतलं. मग डॉक्टरांचं म्हणणं म्हणून तिनं ते घरोघरी नेलं. पुढं डॉक्टरांनी आपलं म्हणणं बदललं, ते तिला कुणी कळवलंच नाही. मीही नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं? हे खरं आहे, आणि तरी मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. गुडघे ठणकत होते, पण हे काम फोनवर करायचं नव्हतं. सृष्टीला सगळं सांगितलं. म्हटलं, चूक असेल तर माझी आहे, हिची नाही.

"मंगळवारी त्याला भूल देत्याल," सृष्टी म्हणाली. "आता मी कुनावर रागवू, बाई? तुमच्यावर, का डाक्टरवर? मला रागवायचा बी कटाळा आलाय." मग ती उठली, तान्ह्याला उचललं आणि सासूपुढं धरलं. "घ्या, आत्या. आज तुमीच घाला आंघूळ."

दीड महिना केराबाई याचीच वाट बघत होती. तिनं बाळाकडे डोळे भरून पाहिलं. हात मात्र पुढं केले नाहीत.

"नगं," ती म्हणाली. "काल बाईंनी सांगून बी अंगठा गेलाच. त्यो आता माझं ऐकत न्हाय."

तिनं तेलाची वाटी सृष्टीपुढं सरकवली आणि कसं चोळायचं ते बसल्या जागेवरून सांगू लागली. दोन्ही हात तिनं पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.