काजळीचा डाग

अर्पेनिकला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि गावाचं तिच्याविरुद्धचं मोठं गाऱ्हाणं तेच होतं. तिचा एकुलता एक मुलगा ह्राइर सीमेवर गेला आणि पेटीतून परत आला. दफनाच्या दिवशी ती कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, सरकारी कचेरीच्या रांगेत उभं राहावं तशी उभी होती. शेजारची गोहारिक मात्र थडग्यावर अशी कोसळली की येरेवानहून आलेल्या लांबच्या नातेवाइकांनी तिलाच आई समजून तिचे हात धरले आणि सांत्वन सुरू केलं. कुणीतरी त्यांना कोपराने ढोसून पलीकडच्या कोरड्या डोळ्यांच्या बाईकडे वळवलं. गोहारिकचा मुलगा मेस्रोप ह्राइरबरोबर एकाच ट्रकमधून गेला होता. तो पाय ओढत का होईना, पण घरी आला होता.

“दगड आहे दगड,” बायका म्हणाल्या. आमच्या गावात आवाज केल्याशिवाय दुखणं खरं धरत नाहीत. दाढ दुखली तरी तीन घरांना कळली पाहिजे. अर्पेनिकने यावर कुणाशी वाद घातला नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. लवाशची पातळ रोटी खाल्ली तर कागद चावल्यासारखी लागे. सकाळ झाली की ती उठे, गावाच्या वर असलेल्या वेधशाळेत कामाला जाई, आणि उजेड संपला की परत येई.

काम तिला पाठ होतं. लग्नाआधीपासून ती काचा बघत आली होती. आकाशाचे जुने फोटो काचेवर घेतलेले असत. त्यांत आकाश पांढरं आणि तारे काळे, शाईचे शिंतोडे उडावेत तसे. काही वर्षांपूर्वी एका उपग्रहाने सगळं आकाश चाचपून कुठे कुठे ऊब लागते ते टिपून ठेवलं होतं. डोळ्यांना न दिसणारी ऊब. पण त्याचं बोट जरा जाड होतं. ऊब साधारण या जागी आहे, इतकंच तो सांगे. मग त्या जागेची काच काढायची, भिंगाखाली धरायची आणि ऊब नेमक्या कुठल्या ठिपक्याची ते ठरवायचं. बरेचदा तो ठिपका म्हणजे दूरची एखादी दीर्घिका निघे. अर्पेनिक ठरवी, तिच्याहून वयाने बराच लहान असलेला बाग्रात नावाचा खगोलशास्त्रज्ञ ते तपासे, आणि दोघांचं बरं जमे.

त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅसची नळी बंद होती, आणि आरागात्स डोंगरावरून येणारा वारा खिडकीच्या फटीतून थेट अंथरुणात शिरत होता. प्रत्येकाने घरात पत्र्याची शेगडी बसवून तिचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलं होतं. जर्दाळूची झाडं तोडताना म्हाताऱ्यांनी आधी झाडांची माफी मागितली आणि मग पोरांच्या हातात कुऱ्हाड दिली. सगळ्या गावाची बोटं काजळीने काळी झाली होती. वेधशाळेतही तेच. तिथे एका खोलीत शेगडी होती, आणि काचा हाताळण्याआधी सगळे कोटालाच हात पुसत.

गोहारिक एका सकाळी लाकडांचा विषय घेऊन आली. दारातच उभी राहिली, कारण दफनापासून तिला आत ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. दोन घरांत दोन शेगड्या पेटवल्या तर दोघींचीही लाकडं वसंत ऋतूपर्यंत पुरणार नाहीत. एकीच्या घरी एकच पेटवली तर पुरतील. तिच्या घरात माणसं दोन, जागाही मोठी. अर्पेनिकने आपली लाकडं घेऊन तिकडे यावं.

“माझी चूल विझवू म्हणतेस,” अर्पेनिक म्हणाली.

गोहारिकने मान खाली घातली. आमच्याकडे चुलीला ओजाख म्हणतात आणि वंशालाही ओजाखच म्हणतात. मूलबाळ न ठेवता कुणी गेलं की त्याचा ओजाख विझला म्हणतात. ह्राइर गेल्यावर अर्पेनिकबद्दल हे शब्द गावात फिरले होते, आणि कुठल्याही गावात फिरतात तसे फिरून तिच्या कानापर्यंत आले होते. त्यातून आता खरोखरच तिच्या धुराड्यातून धूर निघेनासा झाला, तर मग बोलायलाही काही उरणार नव्हतं. आणि ज्या घरी मुलगा परत आला, त्याच घरी जाऊन शेकत बसायचं. तिने नाही म्हटलं.

त्यानंतर तिने लाकडं संपवली, मग खुर्च्या, मग फळ्या. ह्राइरचा पलंग तेवढा राहिला. धूर रोज निघाला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. पुढे काय, तर काही नाही. थंडीत बाई एकटी गोठून मेली असती तरी गावाला सकाळी धूर न दिसल्यावरच कळलं असतं. तिलाही ते माहीत होतं, आणि त्याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं.

अशात बाग्रात रशियातल्या मोठ्या दुर्बिणीवर काम करून परत आला. त्याने तिने तपासलेली एक काच काढली आणि खिडकीशी धरली. उबेच्या त्या जागी एक देखणी, गोल, ठसठशीत दीर्घिका होती. अर्पेनिकने तिच्यावर खूण केली होती. तिच्या बाजूला एक फिकट, फाटका डाग होता आणि त्याच्याशेजारी तिने ‘काजळी’ असं लिहून ठेवलं होतं.

“मावशी, हे काजळी कसं ठरवलंत?”

“शेगडीचा हात लागला असेल. मी फुंकर मारून पुसायलाही गेले. निघाला नाही.”

“निघणार कसा? तो आकाशातला आहे.” बाग्रात हसला, पण टोमणा नव्हता त्यात. “ही देखणी आहे ना, तिच्यात काही नाही. सगळी ऊब या डागाची.”

मग त्याने समजावून सांगितलं. त्या जागी मुळात दोन दीर्घिका होत्या. एकेकटीजवळ वायू आणि धूळ होती, पण थंड, नुसती पसरलेली. त्या एकमेकींत घुसल्या. वायू दाबला गेला, आणि आत ढिगाने नवे तारे पेटायला लागले. उजेड मात्र बाहेर येत नाही, धूळ तो खाऊन टाकते आणि स्वतः तापते. म्हणून काचेवर मळका डाग, आणि उपग्रहाला मात्र भट्टी.

अर्पेनिक भिंगातून बघत राहिली. डागाला दोन बाजूंना दोन शेपट्या होत्या, तुटलेल्या दोऱ्यासारख्या. इतक्या वर्षांत तिची अशी चूक झाली नव्हती. शरम वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. तिने एकच विचारलं, “मग यातला विस्तव कुठलीचा?”

“ते आता विचारता येत नाही,” बाग्रात म्हणाला. “आता दोघींचा.”

तिने ‘काजळी’ हा शब्द खोडला, काच पाकिटात घातली आणि उजेड असतानाच घरी निघाली.

घरी तिने शेगडी उघडली. सकाळच्या फळीचे निखारे राखेखाली जिवंत होते. घरातला विस्तव उंबऱ्याबाहेर नेऊ नये म्हणतात, बरकत जाते. तिने सगळे निखारे लोखंडी फावड्यावर घेतले आणि बर्फातून, हातमोजे न घालताच, गोहारिकच्या दारी गेली. मागे तिच्या धुराड्यातून शेवटचा धूर निघून गेला. तिने वळून पाहिलं नाही.

गोहारिकने दार उघडलं आणि फावडं पाहिलं. एरवी तिने सात प्रश्न विचारले असते. तिने शेगडीचं झाकण उघडलं. अर्पेनिकने आपले निखारे तिच्या निखाऱ्यांवर ओतले. मेस्रोपने पाय ओढत आपलं स्टूल तिला दिलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन बसला.

“पलंग आहे अजून,” अर्पेनिक म्हणाली. “मेस्रोपला उद्या फोडायला सांग.”

थोड्या वेळाने तिच्या बोटांत रक्त उतरायला लागलं. गोठलेले हात गरम होताना कसे ठणकतात ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आधी मुंग्या आल्या, मग नखांखाली सुया टोचल्या, मग कळ कोपरापर्यंत चढली.

“हात दुखतायत,” ती म्हणाली.

“तुझं दुखणं मला येऊ दे,” गोहारिक म्हणाली. त्यात विशेष काही नव्हतं. आमच्याकडे हे उठताबसता म्हणतात, मीठ मागायला आलेल्याला, बसच्या ड्रायव्हरला, आटलेल्या गाईलाही. कुणी ते ऐकत नाही, आणि त्याला उत्तर तर कुणीच देत नाही.

अर्पेनिकने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

“घे,” ती म्हणाली. “गोहारिक, घे तू. मला एकटीला नाही उचलत.”

गोहारिकने ते दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि घट्ट धरून बसली.