तुळशीच्या लग्नाआधी चिंतामणीकाकांचा कॉम्प्युटर

धामणकर नाक्यामागच्या सोसायटीत तुळशीचं लग्न लागतं ते चिंतामणी ओगले यांच्या मंगलाष्टकावर. काका कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यांची कविता काही निवृत्त झाली नाही. दरवर्षी नवं मंगलाष्टक, आणि त्यात तुळस, कृष्ण आणि सोसायटीच्या तक्रारी एकाच वृत्तात सुखाने नांदतात. गेल्या वर्षी गटार होतं. त्या ओळीला बायकांनी दुप्पट अक्षता टाकल्या.

यंदाचं मंगलाष्टक कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि ऐन लग्नाच्या दुपारी कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की नेहमीचं तुळशीवृंदावनाचं चित्र यायच्या जागी एक निळं पान यायचं, सगळं इंग्रजीत. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. काकांनी प्लग काढून घातला, डबा थोपटला, शेवटी "अहो, जरा मनावर घ्या की," अशी विनवणीही केली.

"मला कधी अहो म्हणाला नाहीत," सुनीतीकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"संध्याकाळी माणसं जमतील. काय म्हणू त्यांच्यापुढे?"

"गेल्या वर्षीचं म्हणा."

"गटार दुरुस्त झालंय गं," काका खचून म्हणाले.

मग नाक्यावरून दुरुस्तीवाला दीपेश आला. हा जवळच्या अंजूर गावचा. भिवंडीत कॉम्प्युटरला काहीही होवो, दीपेशचं निदान एकच: यंत्रमागावरून उडणारा कापूस.

"काका, काय पन न्हाय झालं. कापूस गेला आसंल."

त्याने सगळ्या वायरी उपटून डबा उघडला. आत खरोखरच एका उशीपुरता ऐवज निघाला. रॅमची पट्टी काढून त्याने ती खोडरबरने घासली, फुंकर मारली, परत बसवली, वायरी जोडल्या, बटण दाबलं. तुळशीवृंदावन हजर.

"बगा. कापूसच व्हता."

काकांनी माउसने मंगलाष्टक उघडलं. चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज.

"कीबोर्ड लावायचा ऱ्हायला की," म्हणत दीपेशने राहिलेली वायर खुपसली.

पहिल्या ओळीतली 'आली' गेली. मग 'श्रीतुळशी' गेली. कुणी हात न लावता एकेक अक्षर नाहीसं होऊ लागलं, वऱ्हाडाच्या पंगतीतून जिलब्या जाव्यात तसं.

"अगं, खातोय तो," काका पुटपुटले.

काकूंनी धावत येऊन वायर उपटली, तोवर दोन कडवी फस्त झाली होती. दीपेशने कीबोर्ड उलटा करून झटकला. आतून कुंकू लावलेले तांदूळ पडले, पडतच राहिले. एक दाणा डिलीटच्या बटणाखाली रुतून बसला होता. तो त्याने नखाने उकरला.

"हे बटन दाबलेलं ऱ्हायलं, म्हनून चालू व्हताना सेटिंगच्या निळ्या पानात शिरत व्हता. पन काकी, हिकडं अक्षता कशा?"

"तालीम चालली होती ना आठवडाभर," काकू म्हणाल्या. "पडद्यावर बघून गायचं, आणि 'सावधान' आलं की मूठभर फेकायच्या. का, तर वेळ जुळते का पाहायला."

"म्हंजे ह्याचंच लगीन लावलंत."

काका ऐकतच नव्हते. गेलेल्या कडव्यांच्या जागी ते टक लावून बसले होते. "थांबा, परत आनतो," म्हणून दीपेशने माउस धरला, पण काकांनी डोळे मिटले आणि सूर लावला:

"आली श्रीतुळशी सजून नटुनी सोसायटीच्या घरी,
पाणी ये वरती, न पंप बिघडो, कुर्यात् सदा मंगलम्!"

तिथून जे निघाले ते थेट शेवटच्या कडव्यापर्यंत. लग्नासाठी जिना उतरणाऱ्या लोकांना वाटलं, यंदा लग्न वरच आहे. चपला काढून माणसं आत आली आणि 'सावधान' झाल्याबरोबर कॉम्प्युटरवर अक्षतांचा पाऊस पडला. काकू कीबोर्डवर पदर धरून उभ्या.

गर्दी हसत खाली गेल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं तोंडपाठ होतं. मग दुपारपासून मला का छळलंत?"

"पाठ असतं गं. समोर लिहिलेलं असलं की धीर येतो."

खाली तुळस सजून वाट बघत होती. काका निघाले, हातात कागदाचा कपटाही न घेता. धीर म्हणून बगलेत कीबोर्ड तेवढा होता, आणि काकूंनी त्यावर रुमाल टाकला होता.