खालच्या मजल्यावरची आंघोळ

न्यू जर्सीतलं टाउनहाऊस विकून आम्ही शार्लटला आलो, त्याला आता चार वर्षं झाली. तिथल्या टाउनहाऊसच्या किमतीत इथे चार बेडरूमचं घर, मागे अंगण आणि दोन गाड्यांचं गराज मिळालं. आपण फार हुशारीचं काम केलं असं आम्हाला वाटत होतं. तीच हुशारी इतक्या लोकांना एकदम सुचली होती, हे मात्र कॉन्ट्रॅक्टर शोधायला निघालो तेव्हा कळलं.

घर चाळीस वर्षांपूर्वीचं. खाली नुसतं टॉयलेट आणि बेसिन. आंघोळीची सोय सगळी वर, चौदा पायऱ्या चढून. आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच एकटे नागपूरहून सहा महिन्यांसाठी येणार होते आणि त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. म्हणून खालच्या टॉयलेटला लागून असलेली लॉन्ड्रीची खोली मोडून तिथे शॉवर करायचा असं ठरलं. बाबा मार्चमध्ये येणार होते. जानेवारीत सुरू केलं तर भरपूर वेळ आहे, असं मी नवऱ्याला म्हणाले. ते वाक्य तो अजून मला ऐकवतो.

मी अकरा जणांना फोन केले. चौघांनी उलट फोन केला, तिघे घरी आले. पहिल्याने तासभर मोजमापं घेतली, कॉफी प्यायला आणि परत कधी त्याचा मेसेज आला नाही. दुसऱ्याने चौतीस हजार डॉलर सांगितले, तेही जूननंतर. तिसऱ्याने अठरा सांगितले आणि "सोमवारी सुरू करतो, मॅम," म्हणाला. बोलायला गोड माणूस. ऑफिसात मी दिवसभर व्हेंडरांची कॉन्ट्रॅक्ट्स तपासते, एकेका ओळीवर वाद घालते. पण या माणसाने दिलेल्या दीड पानी कागदावर मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या सही केली आणि अर्धे पैसे आगाऊ दिले. एकच विचारलं, "बांधकामाचं परमिट?" तो म्हणाला, "ते सगळं माझ्याकडे."

सोमवारी तो खरंच आला. एका दिवसात दोन माणसांनी जमीन, भिंती, टॉयलेट, सगळं उखडून टाकलं. मला फार समाधान वाटलं. त्यानंतर तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. कधी त्याचा ट्रक बंद पडायचा, कधी टाइल्स अडकलेल्या असायच्या, कधी सासू आजारी असायची. लॉन्ड्री बंद, म्हणून आम्ही कपडे धुवायला लॉन्ड्रोमॅटमध्ये जात होतो. आणि ज्या घरात निदान टॉयलेट तरी खाली होतं, तिथे आता तेही नव्हतं.

बाबा आले ते या अवस्थेत. सार्वजनिक बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी प्लॅस्टिकचा पडदा बाजूला करून आत पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"होईल आता, बाबा."

"मी किती दिवस झाले ते विचारलं."

खालच्या अभ्यासाच्या खोलीत त्यांचा पलंग लावला होता. तो आम्ही वर हलवला. सकाळी कठडा धरून ते खाली यायचे, दिवसभर पाणी बेतानं प्यायचे, म्हणजे वर जायला नको. एकदा मी त्यांना चौथ्या पायरीवर बसलेलं पाहिलं. "दम खातोय," म्हणाले. मी तशीच बाहेर गेले आणि गाडीत बसून कॉन्ट्रॅक्टरला फोनवर इतकं बोलले, की दुसऱ्या दिवशी तो हजर झाला.

एप्रिलच्या शेवटी शॉवरची जमीन घातली गेली. बाबा रोज खुर्ची टाकून काम बघत बसायचे. कॉन्ट्रॅक्टर त्यांना 'बॉस' म्हणायचा आणि बाबा मान डोलवायचे. त्या दिवशी मात्र ते उठले, स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी आणलं आणि टाइल्सवर ओतलं. पाणी जाळीकडे न जाता सरळ दाराकडे आलं.

"उतार उलटा आहे," बाबा म्हणाले. "हे सगळं काढावं लागेल. आणि याला सांग, हे काम आमच्याकडे शिकाऊ गवंड्यानं केलं असतं तरी मी बिल पास केलं नसतं."

मी इंग्रजीत म्हणाले, "माझ्या वडिलांना उताराबद्दल थोडी शंका आहे."

"मी एवढंच बोललो नाही," बाबा म्हणाले.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की टाइल्सच्या फटींत ग्राउट भरल्यावर, सील केल्यावर सगळं ठीक होईल. मी म्हटलं, पाणी उंचावर कसं चढेल? मग तो म्हणाला की उतार बदलायचा तर ते जादा काम, चोवीसशे डॉलर वेगळे. माझा आवाज चढला. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेजारच्या बाई कुत्रा घेऊन आमच्या दारासमोर जरा जास्तच वेळ थांबल्या होत्या, हे आठवतं. त्याने शांतपणे हत्यारं ट्रकमध्ये भरली आणि गेला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

वकिलाला विचारलं, तर त्याची फी ऐकूनच आम्ही तो नाद सोडला. मग मला परमिट आठवलं. परमिट देणाऱ्या सरकारी ऑफिसात फोन केला. तिथल्या बाईंनी पत्ता दोनदा विचारला आणि म्हणाल्या, या पत्त्यावर परमिट निघालेलंच नाही. म्हणजे ज्या भिंती त्याने बंद केल्या होत्या, त्या इन्स्पेक्टरला आतले पाइप दाखवण्यासाठी पुन्हा उघडाव्या लागणार होत्या. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला तिकीट बदलून दे. तुमची फार ओढाताण होतेय." मी रडले. इतके महिने नुसती चिडत होते, त्या दिवशी रडले.

तिकीट बदललं नाही. कुत्रेवाल्या शेजारीणबाईंनीच एका माणसाचा नंबर दिला. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. तो आला, त्याने स्वतः बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं, बघत उभा राहिला आणि विचारलं, "हे कोणी पकडलं?" मी बाबांकडे बोट दाखवलं. त्याने ग्लोव्ह काढून बाबांशी हात मिळवला. बाबा त्या दिवशी जेवताना दोन पोळ्या जास्त जेवले.

त्याचा आकडा मात्र त्या चौतीसवाल्यापेक्षाही मोठा होता, कारण आता आधीचं सगळं उखडून पुन्हा करायचं होतं. शिवाय त्याला जूनअखेरीपर्यंत वेळ नव्हता. नवऱ्याने स्वयंपाकघर नवं करायचा विचार त्याच दिवशी सोडून दिला. पण हा माणूस सांगितलेल्या दिवशी यायचा. येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचा. इतक्या साध्या गोष्टीचं मला इतकं अप्रूप वाटू लागलं होतं, की त्याचा ट्रक दिसला तरी मी चहा ठेवायचे. परमिट, इन्स्पेक्शन, पुन्हा भिंती, पुन्हा टाइल्स असं करत बाथरूम तयार झाली ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. बाबांचं विमान सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

ते त्या बाथरूममध्ये नऊ दिवस आंघोळ करू शकले. हिशेब करायचा नाही असं मी ठरवलं होतं, नवऱ्याने केलाच. एका आंघोळीला किती पडले ते त्याने मला सांगितलं आणि मग पुढचा दिवसभर तो माझ्याशी जपून बोलत होता.

नागपूरला पोचल्यावर महिन्याभराने बाबांचा फोन आला. तिथल्या न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा होता. नोकरीतल्या ओळखीचा एक मिस्त्री होता, त्याला त्यांनी निरोप दिला.

"मंगळवारी येतो म्हणाला आणि मंगळवारीच आला," बाबा सांगत होते. "जमीनही थोडी खरबरीत करून दिली. दुपारच्या जेवणाच्या आत मोकळा. आणि घेतले किती, माहीत आहे?"

"बाबा, आकडा सांगू नका," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलाच.