तिसरी हाक

“तीन हाका होईपर्यंत माणूस पटावरच असतो,” हजेरीवाले म्हणायचे. समोरचा चहा गार होत असला तरी म्हणायचे, न्हावी मानेवर वस्तरा धरून थांबला असला तरी म्हणायचे.

निवृत्त सैनिकांच्या संघातलं कुणी गेलं, की शेवटची हजेरी तेच घेत. झेंडा पांघरलेल्या पेटीसमोर ताठ उभं राहून गेलेल्याचा पलटणीतला नंबर तीनदा पुकारायचा. ओ येत नाही. मग बिगूल वाजतो आणि पटावरचं नाव खोडलं जातं. एकवीस वर्षांत त्यांची एक हाक चुकली नव्हती. गेल्या वर्षी मात्र डोळ्यांवर पडदा आला, कागद दिसेनासा झाला. तेव्हापासून बिगुलवाला एक पाऊल पुढे येऊन आकडे हळूच कानात सांगे आणि हजेरीवाले ते खणखणीत पुकारत. ही गोष्ट त्या दोघांना आणि सुनेला, तिघांनाच ठाऊक होती.

त्या सकाळी पलटणीच्या आचाऱ्याची शेवटची हजेरी होती. गाडी सूनच चालवत होती.

“मामंजी, आता हे काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.”

“कुणाकडे? बिगुलवाल्याकडे? तो बायकोला हाक मारतो तर शेजारीण ओ देते.”

सून हसली आणि विषय तिथेच राहिला.

मैदानावर वारा नव्हता. झेंड्याची एक चुणीही हलत नव्हती. पेटीजवळ आचाऱ्याची बायको उभी होती. हजेरीवाल्यांनी मान जराशी कलती केली, काहीतरी ऐकलं आणि पुकारलं, “चार शून्य सात एक.”

सुनेने तो नंबर ओळखला. दरवर्षी मामंजींच्या हयातीच्या दाखल्यावर ती स्वतःच्या हाताने हाच नंबर लिहायची. हा आचाऱ्याचा नव्हता. त्यांचाच होता.

रांगेतल्या म्हाताऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही. एकमेकांचे नंबर कोण लक्षात ठेवतो? बिगुलवाला तेवढा जागच्या जागी थिजला होता.

“चार शून्य सात एक.”

कुणी ओ दिली नाही. आता एकच हाक उरली होती. या हजेरीत बाहेरच्याने तोंड उघडायचं नसतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिसरी हाक आली. आवाज त्यांचाच होता, पण ओठ मागाहून हलले.

“हजर,” सून म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. हजेरीवाले झोपेतून उठवल्यासारखे दचकले.

“कोण ते?”

“मी, मामंजी. तुमच्या वतीने. नंबर तुमचा आहे.”

बिगुलवाला पुढे आला आणि त्याने आचाऱ्याचा नंबर सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगितला. हजेरीवाल्यांनी तो तीनदा पुकारला. ओ आली नाही. बिगूल वाजला.

पेटी उचलून नेल्यावर हजेरीवाल्यांनी त्याला विचारलं, “माझा नंबर का सांगितलास रे?”

“हवालदारसाहेब, मी जागेवरून हललोच नव्हतो. मी पाऊल उचलायच्या आत तुम्ही पुकारलंत.”

“तिन्ही वेळा आकडे स्पष्ट ऐकू आले. कानाला श्वास लागत होता. गार.”

हजेरीवाल्यांनी पट बिगुलवाल्याच्या हातात दिला.

“यापुढे तू पुकार. सावकाश पुकारत जा.”

सुनेने गाडीचं दार उघडलं. “नको सूनबाई,” ते म्हणाले, “मी चालत येतो.”

फाटकाबाहेरचा रस्ता पार मोकळा होता, तरी ते अगदी कडेने चालले, शेजारच्याला जागा ठेवावी तसे. पावलं तालात पडत होती. उघड्या दाराशी सून आणि तिला खेटून आचाऱ्याची बायको, दोघी ते वळणाआड होईपर्यंत बघत राहिल्या.