सारख्या वजनाचे दोघे

सुनंदाताई नसत्या तर त्या दिवशी मी कुठे जाऊन बसले असते, देव जाणे. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धूत होते. गावाकडची गाडी संध्याकाळची; पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं.

ताई तिथल्या शास्त्रज्ञ. माझ्या हातातल्या बाटल्या बाजूला ठेवून, हाताला धरून त्यांनी मला मास स्पेक्ट्रोमीटरपाशी, रेणूंची वजनं करणाऱ्या त्यांच्या यंत्रापाशी बसवलं. “बाटल्यांवर रडू नकोस गं, अश्रूंतलं मीठ चालत नाही या यंत्राला,” म्हणाल्या, आणि शेजारी बसून आपल्या ओढणीनं माझे डोळे पुसले. स्क्रीनवर एकच उंच रेघ होती.

“ही पेशीच्या आवरणातली चरबी, फॉस्फोलिपिड. रेणू एकच वाटतो, पण आहेत दोन. वजन सारखंच.”

“मग ओळखता कसे?”

“फोडून. तुकडे वेगळे पडतात.”

सातवीत शाळा सुटलेल्या मला तेवढंच कळलं. निळ्या एप्रनमध्ये आम्ही धुणाऱ्या बायकाही सारख्याच दिसतो. कोण कशाची बनलीय, ते अशा एखाद्या फोननंच समजतं. माझ्यातून आधी भीतीच निघाली: आता सुट्टीत जायचं कुणाकडे?

ताई, तुमच्यावर अशी वेळ न येवो. आलीच, तर तुमच्या हातातल्या बाटल्या मी आधी बाजूला ठेवीन, आणि शेजारी बसेन.