पुढचे पाटे

वाटणीत थोरल्या भावाला काळी जमीन मिळाली आणि मला वडिलांची जुनी पिकअप. हिवरखेडच्या घरी चार माणसांसमोर तो म्हणाला, "तुले चालवता येते, तू घे." जणू उपकारच केला. त्याच गाडीवर मी कापूस, केळी, मांडवाचं सामान वाहिलं आणि अमरावतीत राजापेठेला स्वतःचं दुकान उभं केलं. आज नव्या गाड्या आहेत, पण जुनी विकली नाही. विकली असती तर त्यानं मला भंगार दिलं हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

फक्त माय तिच्यात बसायची नाही. "तुह्या गाडीत बसलं का हाडं मोजून घ्या लागते," म्हणायची. यायची ती भावाच्या कारमधून, आणि तो उतरताना माझ्या पिकअपकडे बघून हसायचा. यंदा दिवाळीनंतर ती माझ्याकडे राहायला येणार होती. मी ठरवलं, तिला आणीन तर याच गाडीतून.

आमच्याकडे गाडी पुढून खाली बसली की चाकावरच्या स्प्रिंगला लोखंडी पट्टीचा आणखी एक पाटा वाढवायचा, हा एकच इलाज. वडिलांनी एक वाढवला, भावानं एक, मी दोन. बडनेऱ्याचा मिस्त्री गाडीखाली सरकला आणि हसतच बाहेर आला.

"भाऊ, हे गाडीचे पाटे आहेत का पुलाचे?"

त्याचं म्हणणं, थरावर थर चढवून गाडी ताठ झाली, म्हणून दणके देते; सगळे काढून नव्या तऱ्हेचे दोनच टाकायचे, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते. जोडीला लांब शॉकअप.

माझं डोकं तापलं. "एवढं लोखंड काढून दोन पाटे टाकून राहिला, आन वरून पैसे जास्त?"

"वजनावर घ्याचं असन तं भंगारवाल्याकडं जा."

मी तडक अकोल्याला गेलो. दुकानं पालथी घातली, एकाच्या भावावर दुसऱ्याला खाली आणलं आणि तेच पाटे, तेच शॉकअप घेऊन मिस्त्रीच्याच दारात उभा राहिलो. फक्त मजुरी देईन म्हटलं. तो चिडला, पण कामाला लागला. जुने पाटे मी लोहाराला विकले. त्यांचे विळे चांगले होतात, म्हणून तिथेही भाव सोडला नाही.

दोनच पाट्यांवर उभी गाडी मला नागडी वाटत होती. "एक तरी वाढव," मी म्हटलं. "आधी चालवून पाय," तो म्हणाला. उखडलेल्या रस्त्यानं एक फेरी मारून आलो आणि मजुरीत घासाघीस केली नाही. माझ्याकडून कौतुक म्हणजे तेवढंच.

हिवरखेडहून निघताना भाऊ त्याची कार घेऊन मागे लागला. "अकोल्यापर्यंत तिची कंबर नाही टिकत. तिथं माह्या गाडीत घेतो."

अकोटच्या पुढे रस्ता खणलेलाच होता. मायनं आधी दोन्ही हातांनी दांडी धरली होती. मग एक हात सोडला, मग दुसरा, आणि कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं ते सांगू लागली. आरशात भावाची कार आपटत येताना दिसत होती.

अकोल्यात चहाला थांबलो. त्यानं माझ्या गाडीचं दार उघडलं. "उतर माय."

"काहून? माहं काय दुखून राह्यलं? तू जाय घरी. उगाच मागं मागं धूळ खाऊन राह्यला."

तो वाकून चाकामागे बघू लागला.

"किती पाटे टाकले?"

"दोन."

"काहीबी सांगते."

"वाकलाच हायेस तं मोजून घे."

त्यानं खरंच मोजले. उठून गुडघे झटकले आणि मिस्त्री कुठला म्हणून विचारलं.

"सांगतो. आधी चहाचे पैसे दे."

त्यानं दिले. मी पत्ता सांगितला. जमिनीचं मी विसरलेलो नाही, पण तिथे ते काढलं नाही. माय आतून हाका मारत होती, अमरावती अजून लांब होती.